अळीला ‘सवय’ झाली म्हणे!

माझं माहेर हिंगणघाटकडचं आणि सासर पुण्यातलं. त्यामुळे कापूस या विषयावर मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. पुण्याकडच्या मंडळींचा कापसाशी संबंध देवापुढच्या वातीपुरता. माहेरी मात्र अजूनही लग्नाची तारीख काढताना वेचणी कधी आटोपते ते आधी बघतात. (हे वाचून दोन्हीकडचे चिडणार आहेत. चिडा. फोन करा, त्या निमित्ताने बोलणं होईल.)

तर गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘अळीला बीटीची सवय झाली.’ दुसरं, ‘बियाण्यातला दमच गेला, सगळी भेसळ आहे.’ तिसरं वाक्य मी फक्त पुण्यात ऐकलंय आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं: ‘शेतकऱ्यांनीच रेफ्युजी लावली नाही ना, मग भोगा!’

आज या तिन्ही वाक्यांशी भांडायचं ठरवलंय. थोडं विज्ञान येईल, पण घाबरू नका. शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्यांपलीकडे फारसं जाणार नाही.

आधी ‘सवय’. आमच्या माहेरचा ठेचा ज्यांनी खाल्लाय त्यांना हे लगेच कळेल. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावईबापूंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पाच वर्षांनी तेच जावई भाकरीवर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. याला म्हणायचं सवय. माणूस तोच, जीभ तीच, हळूहळू सोसायला शिकली. आणि या शिकण्याचा त्यांच्या मुलाला काडीचा उपयोग झाला नाही. त्याची सुरुवात पुन्हा डोळ्यांतल्या पाण्यापासूनच!

बोंडअळीचं असं काहीही झालेलं नाही. आज थोडं विष खाल्लं, उद्या जरा जास्त पचवलं, परवा मुलांना शिकवलं, असा प्रकारच नाही. बीटी कपाशी खाऊन जी साधी अळी २००२ साली मरत होती, तशीच साधी अळी आजही मरते. फक्त तशा अळ्या आता फार उरल्या नाहीत. ज्या जगल्या त्या अंड्यातून बाहेर पडतानाच वेगळ्या होत्या. एकही अळी बदलली नाही, अळ्यांची सगळी प्रजाच बदलली. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटेल, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

गंमत म्हणजे ‘सवय’ म्हणता येईल असं काहीतरी दुसऱ्या एका अळीत खरोखर असतं, आणि त्यावर आपल्याच पाषाण रस्त्यावर काम झालंय. एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, हिरव्या बोंडअळीच्या (तूर-हरभऱ्यावर येते ती घाटेअळी) पोटातल्या पाचक रसांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. कारल्याच्या किंवा चौधारी घेवड्याच्या बियांत अशी प्रथिनं असतात की जी अळीचे पाचक रस अडवतात. पण ही अळी भारी वस्ताद. एक पाचक रस अडला की ती दुसऱ्या प्रकारचा तयार करायला घेते. म्हणून १९९९ मध्येच तिथल्या शास्त्रज्ञांनी सुचवलं होतं की एकाच रोधक प्रथिनावर विसंबू नका, वेगवेगळी आलटूनपालटून वापरा. हे एका अळीच्या एका आयुष्यात घडतं. जावईबापूंच्या जातीचं. गुलाबी अळीने बीटीचं जे केलं ते याहून निराळं, आणि माझ्या मते जास्त भीतीदायक.

आता ते नेमकं काय ते बघू. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जीवाणू. तो जी विषारी प्रथिनं तयार करतो त्यांतल्या एकाचं नाव क्राय-वन-एसी. त्याचं जनुक कपाशीत घातलं की झाडच ते प्रथिन तयार करतं. अळीने खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या भिंतीवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. तिथून पुढे भिंतीला भोकं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात या विषाला चिकटायला अशी जागा नसते, म्हणून आपल्याला काही होत नाही. कॅडहेरिन हे कुलूप समजा आणि विष ही किल्ली.

आता समजा एखाद्या अळीत या कुलपाचं जनुकच मोडकं असेल तर? किल्ली फिरणारच नाही. एवढंच! नवीन काही हत्यार शोधायला नको, विष पचवायला नको. नुसतं एक कुलूप मोडकं निघालं की झालं. आणि मोडणं हे घडवण्यापेक्षा केव्हाही सोपं. कपाटाचं कुलूप बनवायला कारागीर लागतो, बिघडवायला आमचे चिरंजीव पुरतात.

भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांचं हे जनुक तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मी ते वाचून थक्क झाले. त्या अळ्यांत कॅडहेरिन जनुकाची एक नाही, दोन नाही, आठ वेगवेगळी मोडकी रूपं सापडली. कुठे मधला तुकडाच गायब, कुठे वाक्याच्या अर्ध्यातच पूर्णविराम पडलेला. शिवाय एकाच मोडक्या जनुकाचा संदेश निरनिराळ्या ठिकाणी कापला-जोडला जाऊन त्याच्या अनेक आवृत्त्या निघत होत्या. पुढे दुसऱ्या विषाविरुद्ध, क्राय-टू-एबीविरुद्धही तीच तऱ्हा. तिथलं जनुक वेगळं, पण त्याचीही मोडतोडच, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

इथे जरा इंग्लंडात जाऊन येऊ. उत्क्रांती म्हटलं की पाठ्यपुस्तकात येणारा तो पतंग आठवतो? पांढरट, ठिपक्यांचा. कारखान्यांच्या काजळीने झाडं काळी पडली आणि काळे पतंग वाढले. पहिला काळा पतंग नोंदला गेला तो १८४८ मध्ये मँचेस्टरला. त्याचं जनुकीय कोडं २०१६ मध्ये सुटलं. एका जनुकात बाहेरून येऊन घुसलेला डीएनएचा एक तुकडा, आणि तो घुसण्याची घटना बहुधा १८१९ च्या सुमाराला एकदाच घडलेली. म्हणजे तिथले सगळे काळे पतंग त्या एकाच अपघाताचे वंशज. या काळ्या पतंगांना किती फायदा मिळत असेल याचं गणित १९२४ मध्येच जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडलं होतं, आणि तो फायदा पन्नास टक्क्यांच्या घरात निघाला. तोवर निवड फार सावकाश काम करते असंच लोक धरून चालत. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायचंय.)

आपल्या बोंडअळीत आणि त्या पतंगात मला मोठा फरक वाटतो तो हा. तिथे एका अपघाताची वाट बघावी लागली. इथे निरनिराळे अपघात, प्रत्येक आपापल्या वाटेने त्याच ठिकाणी पोचलेले. कोट्यवधी अळ्यांच्या प्रजेत अशी मोडकी कुलपं तुरळक का होईना असतातच, बीटी येण्याआधीही असणार. बीटीने ती निर्माण केली नाहीत, फक्त बाकीच्या सगळ्यांना बाजूला केलं. म्हणून ‘अळीने तोड शोधली’ हे वाक्यही मला पटत नाही. तिने काही शोधलं नाही. आपणच चाळणी लावली आणि जे चाळणीतून खाली पडलं त्याचीच पुढची पिढी झाली.

आणि पिढ्या किती? गुलाबी अळीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात. म्हणजे सात-आठ वर्षांत तीस-चाळीस. माणसाच्या हिशेबात बघायचं तर ज्ञानेश्वरांपासून आपल्यापर्यंत साधारण तितक्याच झाल्या. आपण ज्याला ‘इतक्या लवकर?’ म्हणतो ते अळीच्या दृष्टीने सात शतकांहून जास्त आहे.

आता तारखा. २६ मार्च २००२ रोजी केंद्राने बीटी कपाशीला परवानगी दिली. एका जनुकाची ती पहिली कपाशी. २००६ मध्ये दोन जनुकांची दुसरी आली. मार्च २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना दोन जनुकांचं बियाणं घ्यायला सांगितलं गेलं. पण एका विषाला न जुमानणाऱ्या अळीपुढे दोन विषं ठेवली की प्रत्यक्षात एकच उरतं. २०१४-१५ पर्यंत त्या दुसऱ्यालाही दाद न देणाऱ्या अळ्या दिसायला लागल्या. आणि मग आलं २०१७.

विदर्भातल्या माझ्या नातेवाइकांना २०१७ ची आठवण करून द्यायला नको. बोंडं वरून छान हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी आणि सडकी सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती सगळी फवारणी गुलाबी अळीसाठीच होती असं मी म्हणणार नाही, तुडतुडे होते, पांढरी माशी होती, माणसाच्या डोक्याएवढी उंच पऱ्हाटी होती, ना मास्क ना हातमोजे. पण बीटी आली ती मुळात ‘फवारणी कमी होईल’ या वचनावर. पंधरा वर्षांनी तिथेच पाठीवर पंप घेऊन माणसं मेली. हा विषय मला जनुकांच्या गमतीजमतीवर सोडून देता येत नाही तो यामुळे. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर झाली वगैरे. असो.

दुसरं वाक्य लवकर निकालात काढते. बोगस बियाणं बाजारात असतं, नाही कोण म्हणतं! हंगामाच्या शेवटी झाडातलं विषाचं प्रमाण उतरतं, हेही खरं. पण अळी बदलली की बियाणं बिघडलं हे ठरवायची सरळ पद्धत आहे. शेतातली अळी प्रयोगशाळेत आणायची, तिची पिल्लं वाढवायची आणि त्यांना मोजूनमापून विष घातलेलं खाद्य द्यायचं. तिथे बियाण्याचा संबंधच उरत नाही. अमरेलीची अळी त्या परीक्षेतही जगली. तेव्हा भेसळीबद्दल जरूर ओरडा करा, पण या बाबतीत दोष बियाण्याच्या दमाचा नाही.

आता तिसरं वाक्य. यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

रेफ्युजी म्हणजे काय ते पुणेकरांसाठी सांगते. बीटीच्या शेताभोवती साधी, बिगरबीटी कपाशी लावायची. एकूण क्षेत्राच्या वीस टक्के किंवा पाच ओळी, जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं पाकीट मिळायचं. हेतू असा की त्या साध्या ओळींत साध्या अळ्या सुखाने वाढाव्यात.

ऐकायला वेडेपणा वाटतो ना? अळ्या पाळायच्या? पण यातलं गणित फार सुंदर आहे. मोडकं कुलूप हे अप्रभावी लक्षण आहे, आईकडून आणि बापाकडून दोन्ही प्रती मोडक्या आल्या तरच अळी वाचते. समजा हजारात एक प्रत मोडकी आहे. मग दोन्ही मोडक्या असणारी अळी दहा लाखांत एक. बीटीच्या शेतातून अशा एक-दोनच जगून पतंग होतील. त्यांना जोडीदार कोण मिळतो, यावर सगळा खेळ. आजूबाजूला साध्या ओळींतून आलेले हजारो साधे पतंग असतील तर त्यांचं लग्न साध्याशीच लागणार. पिल्लांना एक चांगलं, एक मोडकं कुलूप मिळणार, आणि ती पिल्लं बीटीवर मरणार. पण आजूबाजूला साधे पतंगच नसतील तर? वाचलेल्याची गाठ वाचलेलीशीच पडणार. मग पुढची सगळी पिढी वाचलेली.

म्हणजे मारता येणारी अळी ही खरं तर एक ठेव आहे. हे वाक्य मी माहेरी बोलून दाखवलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, चार एकरात पाच ओळी सोडून अळीले जेवू घालू का मंग?’

त्याच्या या प्रश्नाला पुण्यात बसून उत्तर देणं सोपं आहे आणि ते चुकीचं आहे. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे. ओळी त्याच्या, नुकसान त्याचं, आणि फायदा? पतंग काही बांध बघून उडत नाहीत. त्याने साध्या ओळी लावल्या आणि शेजारच्या शंभर जणांनी लावल्या नाहीत तर त्याच्या दहा-वीस पतंगांनी काय होणार? आणि त्या शंभरांनी लावल्या, याने नाही, तरी याला फायदा मिळतोच. प्रत्येकाने शहाणपणाने वागायचं ठरवलं की कोणीच लावत नाही. गावच्या गायरानाचं जे होतं तेच. त्यात ते छोटं पाकीट. आमच्याकडे एका वर्षी त्यातलं बियाणं नीट उगवलंच नाही, दुसऱ्या वर्षी उगवलं ते बीटीच्या झाडाशी उंचीने, फुलोऱ्याने कशानेच जुळेना. असं बियाणं हाती आलेल्या माणसाने पुढच्या वर्षी ते पाकीट बांधावर फेकलं तर त्याला अडाणी म्हणणारे आपण कोण?

ठेव सगळ्यांची होती आणि ती राखायची सक्ती एकेकट्यावर, तीही पदरमोड करून. माझा राग आहे तो या रचनेवर. रेफ्युजीसाठी गावाने मिळून दोन-चार शेतं ठरवायची, त्यांच्या नुकसानीचा पैसा बियाण्याच्या किमतीतून किंवा सरकारातून द्यायचा, असं काही केलं असतं तर ते जमलं असतं का? माझं मत, जमलं असतं. निदान साधं बियाणं बीटीच्याच पाकिटात मिसळून द्यायचं तर पहिल्यापासून द्यायचं होतं. हा विचार आपल्याकडे आला तो घोडं पाण्यात गेल्यावर.

आणि हेही लक्षात घ्या की अळी-अळीत फरक असतो. हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, म्हणजे तिच्या साध्या प्रजेला आयतीच रेफ्युजी मिळते. कोणी न लावता. त्यामुळे बीटीविरुद्ध गुलाबीने जे केलं तितक्या जोरात हिरवीने केलेलं आपल्याकडे दिसलं नाही. गुलाबी मात्र जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. आणि नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाल्यावर तिच्या साध्या भावंडांना जागा उरली कुठे? हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. ते शेतकऱ्याला कोणी सांगितलं का, हा माझा प्रश्न आहे.

आता संकरित बियाण्याबद्दल, कारण ही गोष्ट पुण्याच्या जेवणाच्या टेबलावर कधीच निघत नाही. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशी सरळ वाणात आहे. आपल्याकडे ती जवळजवळ सगळी संकरित. दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं ते म्हणूनच. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. मग त्याच्या बोंडातल्या सरकीचं काय? मेंडेलच्या वाटाण्यांसारखंच: चारांतल्या तीन सरक्यांत विष, एकीत नाही. दोन जनुकांच्या कपाशीत सोळापैकी नऊ सरक्यांत दोन्ही विषं, तीन-तीन सरक्यांत एकेकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे तिच्या पानात काही घास विषारी, काही अर्धविषारी, काही चांगले. यामुळे अर्धी मोडकी अळीही तगून जाऊ शकते आणि सगळं गणित कोसळतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, शिवाय पाणी असलं की उन्हाळ्यापर्यंत फरदड घ्यायची पद्धत. (फरदड म्हणजे वेचण्या संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन उरलासुरला कापूस घेणं.) अळीला वर्षभर घर आणि वर्षभर चाळणी!

उलट उदाहरणं दोन आहेत आणि दोन्ही याच अळीची. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षं रेफ्युजी काटेकोर पाळली. मग २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की देशाच्या मुख्य भूमीवरच्या कपाशीतून गुलाबी अळी संपली. ‘अमेरिकेत जमतं हो, शेकडो एकरांची शेतं!’ मान्य. म्हणून दुसरं उदाहरण चीनचं सांगते. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतं आपल्यासारखीच लहान. तिथे शेतकऱ्यांनी संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरायला सुरुवात केली, कारण ती स्वस्त पडते. आता दुसऱ्या पिढीत चारांतलं एक झाड पूर्ण साधं निघतं. म्हणजे कोणाच्या ध्यानीमनी नसताना शेताशेतात पंचवीस टक्के रेफ्युजी तयार! परिणाम असा की दाद न देणाऱ्या अळ्यांचं वाढत चाललेलं प्रमाण २०१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत उलट फिरलं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सक्ती नाही, दंड नाही, कोणाला अळीला ‘जेवू घाला’ म्हणून सांगणं नाही.

उलट फिरलं, या दोन शब्दांसाठी मी ‘सवय’ या शब्दाशी इतकी भांडतेय. सवय झाली म्हटलं की विषय संपतो, आता याहून कडक औषध आणा. दोन जनुकं हरली, तिसरं घाला. पण प्रजा बदलली असं म्हटलं की पुढचा प्रश्न पडतो, ती परत बदलेल का? कॅडहेरिन हे काही अळीने आपल्या सोयीसाठी ठेवलेलं कुलूप नव्हे, त्याचं तिच्या शरीरात काहीतरी काम आहे. प्रयोगशाळांत दिसलंय की मोडक्या कुलपाच्या अळ्या साध्या कपाशीवर साध्या अळ्यांपेक्षा अनेकदा मागे पडतात. विष समोर असेल तेव्हाच मोडकेपणाचा फायदा. विष नसलेली जागा ठेवली तर साधी प्रजा पुन्हा डोकं वर काढू शकते. आपल्याकडे आता ती किती उरली आहे आणि किती वर्षं लागतील हा अवघड प्रश्न आहे, पण निदान प्रश्न तरी बरोबर पडतो.

हे फक्त कपाशीचं नाही. सर्दी झाली की औषधांच्या दुकानातून स्वतःच अँटिबायोटिक आणून तीन दिवसांत थांबवणारे आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत निदान पाच जण मला ठाऊक आहेत. त्यातले दोन हे वाचणार आहेत. :-) ‘शरीराला सवय होते’ म्हणून थांबवतात म्हणे. अहो, सवय तुमच्या शरीराला नाही होत. मारता येण्याजोगे जंतू ही तुमची, माझी, मजल्यावरच्या जोशीकाकूंची सामाईक ठेव आहे, आणि ती कोणी किती खर्च केली याचा हिशेब कुठल्याच सोसायटीच्या बैठकीत होत नाही. डासांचंही तेच. १९६५ च्या सुमाराला देशात वर्षाला लाखभर हिवतापाचे रुग्ण उरले होते, १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. त्याला कारणं अनेक होती, पण डीडीटीला न जुमानणारे डास हे त्यातलं एक मोठं.

शेतकऱ्याला शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी ही तुलना जरा करून बघावी. त्याच्यापुढे निदान पोटाचा प्रश्न तरी होता.

कपाशी पुण्याच्या आसपास फारशी होत नाही, पण तिचे बरेच निर्णय इथेच होतात. शिवाजीनगरला कृषी आयुक्तालय आहे. गेल्या काही हंगामांत तिथूनच आदेश निघाले की ठरलेल्या तारखेआधी कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू नये. कारण लवकर लागवड झाली की सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना आयती फुलं मिळतात. हा आदेश निघाला की माझे पुण्यातले स्नेही ‘सरकारी खाक्या’ म्हणून हसतात. मला तो गेल्या वीस वर्षांतला त्यातल्या त्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण तो एकाला न सांगता सगळ्यांना एकदम लागू होतो. डोमकळ्या तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, हे सगळं तसंच आहे. एकट्याने केलं तर जवळजवळ वाया, पंचक्रोशीने केलं तर काम होतं. मग पंचक्रोशीला त्यासाठी पैसे द्या ना! कमी मुदतीचे सरळ वाण, सघन लागवड, सामाईक रेफ्युजी, आणि फरदड न घेणाऱ्या गावाला थेट काहीतरी मोबदला. नव्या जनुकावर जो खर्च होईल त्याच्या तुलनेत हा काहीच नाही. आणि नवं जनुक आलं तरी याच रचनेत आलं तर त्याचंही तेच होणार.

चुलतभावाने दोन वर्षांपासून फरदड बंद केली आहे. डिसेंबरात पऱ्हाटी उपटतो आणि पाणी असेल तिथे हरभरा पेरतो. शेजारच्या शेतात विहिरीला पाणी चांगलं, तिथे मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी असते. मी विचारलं, त्यांच्याशी बोललास का? म्हणाला, ‘बोललो ना. तो म्हणे, त्या तीन महिन्यांतला कापूस पोरीच्या फीचा आहे. तू देतं का फी?’